कापराच्या वड्यांचा हातप्रेस आपोआप चालवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या महाल भागात राहत्या घरी कापराच्या वड्या पाडायचा छोटा धंदा. आई आणि काकू आळीपाळीने हातप्रेसवर बसतात. पोळा झाला की दिवाळीपर्यंत मागणीला उसंत नसते, आणि यंदा काकूंचा उजवा खांदा धरला आहे. त्यात चिरंजीवांनी अमेरिकेतल्या एका हौशी नेमबाजाचा व्हिडिओ पाहिला. त्याने घरच्या गॅरेजमध्ये काडतुसं पुन्हा भरायचा हँडलचा प्रेस मोटर लावून आपोआप चालवलाय. ‘आमचा प्रेस जवळपास तसाच आहे. एक एचपीची मोटर, गिअरबॉक्स आणि अर्डुइनो (प्रोग्रामवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड) घेतला तर जमेल का? की गाडीच्या जुन्या वायपर मोटरवर भागेल?’

आधी त्या व्हिडिओबद्दल. तो तसाच्या तसा इथे करून बघायचं कोणाच्या डोक्यात असेल तर नको. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला निर्मितीचा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून घरी काडतुसं भरता येतात असा एक गैरसमज फिरत असतो, म्हणून लिहिलं. पण यंत्र म्हणून ते प्रेस शिकण्यासारखे आहेत. मधोमध फिरती थाळी, तिच्यावर पाच किंवा आठ घरं, हँडल एकदा खाली-वर झालं की प्रत्येक घरात एकेक काम उरकतं आणि थाळी एक घर पुढे सरकते. तुमचा प्रेसही त्याच जातीचा. सहा भोकांची पितळी थाळी. एका घरात पूड भरली जाते, पुढच्यात पट्टी फिरून ती सपाट होते, मग पंच, म्हणजे वरून येणारा दांडा, ती दाबतो, त्यापुढच्या घरात दुसरा पंच तयार वडी खाली ढकलतो.

त्या व्हिडिओत मोटर कोणती आहे याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी प्रेसभोवती सेन्सर लावलेले असतात. जुनी टोपी (ठिणगी देणारा प्राइमर) निघाली का, काडतुसाच्या पुंगळीत दारू पडली का, पडली तर एकदाच पडली ना, शिशाची गोळी बसली का. एकाही प्रश्नाला ‘नाही’ आलं की मोटर जागच्या जागी थांबते. मोटर फिरवणं सोपं असतं, दुपारभरात होतं. बाकी सगळे महिने या थांबवण्यात जातात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. हिंगणा एमआयडीसीत आमची शेड लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाचा वॉशर पाडायचा हातप्रेस होता, तो मी मोटरवर करून दिला. मोटर, वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो तो), क्रँक (फिरण्याचं वर-खाली करणारा दांडा). तीन दिवस देखणा चालला. चौथ्या दिवशी डायमध्ये (पंचाखालच्या साच्यात) आधीचा तुकडा अडकून राहिला आणि त्यावर दुसरा बसला. मोटरला काय कळणार? पंच मधून तुटला, त्याचं टोक टिनाच्या छताला लागून खाली पडलं. समोर बसणारे मामा पाणी प्यायला उठले होते म्हणून बरं. ते परत आले, तुकडा उचलून बघितला आणि म्हणाले, ‘हातावर होती तवा मले आधीच समजे, भाऊ.’ त्या प्रेसवर मी मामांचे हात काढले होते आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: वही घेऊन एक दिवस काकूंच्या शेजारी बसा. त्या कधी हात थांबवतात ते लिहा. हँडल जड लागलं म्हणून थांबल्या, हलकं गेलं म्हणून थांबल्या (म्हणजे भोकात पूडच नव्हती), वडी खाली पडल्याचा आवाज आला नाही म्हणून वाकून बघितलं, हॉपरला (पूड भरायच्या नरसाळ्याला) टिचकी मारली. त्यांना विचारून फारसं निघणार नाही. त्या म्हणतील, ‘काही नाही रे, असंच.’ बघूनच लिहावं लागेल. त्या यादीतली प्रत्येक ओळ नव्या यंत्रात कुठेतरी आली पाहिजे.

दुसरं काम, जोर मोजणं. सामान तोलायचा हुकाचा काटा हँडलच्या टोकाला अडकवा आणि हाताऐवजी काट्याने ओढा. सर्वांत जास्त आकडा कुठल्या कोनात येतो ते बघा. समजा हँडल ४०० मिलिमीटर लांब आहे आणि काटा १४ किलो दाखवतो. मग पिव्हटवर (हँडल ज्या खिळीवर फिरतं तिथे) लागणारा पिळा, म्हणजे टॉर्क, झाला ५.६ किलो-मीटर, म्हणजे ५५ न्यूटन-मीटर. वीस मोजमापं घ्या, सकाळची आणि दुपारची. दुपारी पूड चिकट होते, आकडा बदलतो.

या हिशेबाने एक एचपी किती जास्त आहे ते बघा. १४४० फेऱ्यांच्या मोटरला ६० पट गिअरबॉक्स लावला की बाहेर मिनिटाला २४ फेऱ्या मिळतात. वर्म गिअरबॉक्समध्ये बरीच शक्ती घासण्यात जाते, तरी पाव एचपीची मोटर, म्हणजे साधारण १८६ वॅट, बाहेर चाळीसेक न्यूटन-मीटर देते. आणि दाब लागतो त्या क्षणी क्रँक खालच्या टोकाजवळ असतो, तिथे तो थोड्या पिळ्यातही प्रचंड रेटतो. पाव एचपी पुरून उरते. एक एचपी लावलीत तर चौपट शक्ती, आणि काही अडकलं की तिचा सगळा जोर तुमच्या बिडाच्या फ्रेमवर. फ्रेमला तडा गेला तर ती वेल्डिंगनेही धड होत नाही. मोठी मोटर म्हणजे भक्कम काम, हा आपल्याकडचा समज खूप प्रेस खाऊन बसला आहे.

वर्म गिअरबॉक्सचा आणखी एक खोडसाळपणा. ६० पटीचा वर्म मागून फिरत नाही. म्हणजे वीज बंद केली तरी प्रेस आहे तिथेच आवळलेला राहतो. त्यात बोट सापडलं तर? हँडल वर ढकलून निघत नाही. म्हणून ज्यांना मोटरच लावायची आहे त्यांनी मोटरच्या मागच्या शाफ्टवर हातचाक बसवावं, आणि क्रँक व हँडल यांच्या मधल्या दांड्यात दाबाची स्प्रिंग टाकावी. स्प्रिंग नेहमीच्या जोराला हलत नाही. जोर दीडपट झाला की तीन मिलिमीटर दबते आणि तिथला प्रॉक्सिमिटी स्विच (धातू जवळ आला की चालणारा) मोटर तोडतो. हा स्विच पितळेला लोखंडाच्या मानाने निम्म्याहून कमी अंतरावरून ओळखतो, म्हणून समोर लोखंडी पट्टी द्या. नाहीतर ‘सेन्सर खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडत बसाल.

पण तुमच्या बाबतीत मी मोटर सुचवणारच नाही. कारण कापूर.

कापूर उघड्यावर आपोआप उडतो, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ निघते ते) सुमारे ६५ अंश सेल्सिअस आहे, आणि हवेत त्याची वाफ ०.६ टक्का झाली तरी ठिणगीने पेटू शकते; स्वयंपाकाच्या गॅसला त्यासाठी दोनेक टक्के लागतात. साध्या तापमानाला नुसत्या वासाने खोली पेटणार नाही, तेवढी वाफच होत नाही. घाबरवायचा हेतू नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तासभर चाललेल्या मोटरचं अंग सहज ७० अंशांपर्यंत तापतं. त्या तापलेल्या अंगावर कापराची बारीक पूड साचलेली. पेटायला उरलं काय? एक ठिणगी. वायपर मोटर, ड्रिलची मोटर, मिक्सरची मोटर या सगळ्या कार्बन ब्रशच्या. आत सतत ठिणग्या पडतात, अंधारात फटीतून डोळ्यांना दिसतात. वायपर मोटरचं उत्तर मिळालं असेल.

मग फ्लेमप्रूफ मोटर (आतली ठिणगी बाहेर पेट घेऊ देत नाही अशी) घ्या, असं कोणी सांगेल. मिळते. अशा जागी वापरायच्या विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण नुसती मोटर फ्लेमप्रूफ घेऊन काम होत नाही. स्विच, वायर आत शिरते तिथले ग्लँड, सेन्सर, सगळं त्याच तोडीचं लागतं. पाव एचपीसाठी एवढा खर्च घरगुती धंद्याला झेपत नाही, आणि मग लोक मोटर फ्लेमप्रूफ घेतात आणि स्विच भिंतीवरचा साधा ठेवतात. डिसेंबर २०२३ ला बाजारगावला आणि जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला कारखान्यांतल्या स्फोटांत काय झालं ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. तुमचा कापूर म्हणजे स्फोटक नव्हे, पण घरात आई आहे, काकू आहे, वर लाकडी माळा आहे.

तेव्हा हवेवर चालवा. न्यूमॅटिक सिलिंडर, म्हणजे हवेच्या दाबाने दांडा सरकवणारा. कॉम्प्रेसर मागच्या अंगणात, तिथून एक नळी खोलीत. प्रेसच्या खोलीत विजेची एकही वायर नको. दिवासुद्धा खिडकीच्या काचेबाहेरून.

हिशेब असा. सिलिंडर हँडलला पिव्हटपासून १५० मिलिमीटरवर जोडायचा. टोकाला १४ किलो लागत होते, तर इथे १४ गुणिले ४०० भागिले १५०, म्हणजे ३७ किलो लागतील. हँडल ९० अंश फिरतं, त्यासाठी २१२ मिलिमीटर सरळ सरक हवी. बाजारात २५० चा स्ट्रोक तयार मिळतो. व्यास ४० मिलिमीटर घेतला तर ५ बार दाबाला ६४ किलो जोर. स्ट्रोकच्या टोकाला सिलिंडर हँडलशी तिरका होतो, तिथे जोराचे सत्तर टक्केच कामी येतात, तरी ४५ किलो उरतात. ३७ ला ४५, बरोबर बसलं. ६३ चा सिलिंडर ‘असू दे’ म्हणून घेऊ नका, एचपीची तीच चूक परत होईल.

हवेचा मोठा गुण म्हणजे जोराला कुलूप लावता येतं. रेग्युलेटर ५ बारवर ठेवला की भोकात दोन वड्या अडकोत की नटबोल्ट पडो, ६४ किलोच्या वर ती रेटणारच नाही. थांबून राहील. आणि लाल बटणाने हवा तोडून नळ्यांतली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावला की हँडल सैल पडतं, हाताने वर उचलता येतं. मामांना हे समजलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, वडी बाहेर पडल्यानंतरचं घर. तुमच्या प्रेसमध्ये घात इथेच होतो. वडी ढकलली गेली नाही, भोकातच राहिली, तर थाळी फिरून ते भोक परत हॉपरखाली येतं, वर आणखी पूड बसते, आणि पंच खाली येतो. काडतुसाच्या प्रेसमध्ये दुप्पट दारू पडण्याची जी भीती, तिचाच हा सौम्य भाऊ. म्हणून त्या घरावर एक चाचपणारी पिन लावा. पेन्सिलीएवढी पितळी दांडी, वर हलकी स्प्रिंग, हँडलबरोबर खाली येणारी. भोक रिकामं असेल तर ती पूर्ण खाली जाते आणि तिच्या वरच्या टोकाने एका छोट्या रोलर व्हॉल्व्हला (चाक दाबलं की हवा सोडणाऱ्या झडपेला) दाबते. तो दाबला तरच पुढच्या फेरीला हवा मिळते. भोकात वडी असेल तर पिन वरच अडते, व्हॉल्व्ह दबत नाही, प्रेस वर येऊन थांबतो. अर्डुइनो नाही, प्रोग्राम नाही. स्प्रिंग तुटली, पिन वाकली, नळी निसटली, यातलं काहीही बिघडलं तरी परिणाम एकच: हवा मिळत नाही, प्रेस थांबतो. सगळी जुळणी अशीच उलट बाजूने करायची. बिघाड झाला की थांबला पाहिजे. ‘बिघाड झाल्याचा सिग्नल आला तर थांब’ अशी रचना केली की सिग्नलची वायर तुटल्याच्या दिवशी घोटाळा होतो.

तशीच एक पिन पूड सपाट झाल्यानंतरच्या घरावर. ही पूर्ण खाली गेली तर भोक रिकामं, फार वर राहिली तर जास्त भरलं. हिला वरखाली दोन मर्यादा लागतात, जुळवायला वेळ जातो. सुरुवातीला नाही लावली तरी चालेल; त्याऐवजी दर पन्नासावी वडी ज्वेलरच्या छोट्या काट्यावर तोला. पण वडी बाहेर पडली का ते बघणारी आधीची पिन पहिल्या दिवसापासून हवी.

हॉपर प्लास्टिकचा असेल तर बदला. कोरडी पूड प्लास्टिकवर घासली की स्थिर वीज साचते; हिवाळ्यात स्वेटर काढताना चट्-चट् होतं, तीच. स्टीलचा हॉपर, आणि हॉपर, थाळी, फ्रेम यांना तांब्याच्या वायरने एकत्र जोडून चांगल्या अर्थिंगला. ही वायर हवी, विजेची नको म्हटलं ती वेगळी. हॉपरमध्ये पूड कमानीसारखी अडते, काकू टिचकी मारतात ती त्यासाठी. हँडल वर जाताना हॉपरला हलका धक्का बसेल असा लाकडी ठोका लावा. व्हायब्रेटर नको, पूड उलट घट्ट बसते.

थाळी फिरवणारं रॅचेट हातावर असताना हळू फिरतं, हवेवर झटक्यात फिरेल आणि घर ओलांडून पुढे जाईल. म्हणून सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना फ्लो कंट्रोल (हवेचा वेग कमी करणारी झडप) लावून बाहेर जाणारी हवा अडवा, आत येणारी नाही. थाळीच्या कडेला स्प्रिंगवरचा छर्रा बसेल अशा सहा खाचा करून घ्या. भोक आणि पंच अर्धा मिलिमीटर जरी चुकले तरी पंचाची धार जाते. हे काम घरच्या ड्रिलवर करू नका, डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडणारं साधन) असलेल्या मिलिंगवाल्याकडून करून घ्या.

समोर तारेची जाळी, दाराला रोलर व्हॉल्व्ह. दार उघडलं की हवा बंद. पारदर्शक प्लास्टिकचं झाकण दिसायला छान, पण वर सांगितलेल्या स्थिर विजेमुळे नको.

हवेचे तोटेही सांगतो. मिनिटाला २० ठोके धरले तर ७५ लिटरच्या आसपास हवा लागते. एक एचपीचा कॉम्प्रेसर ते करेल पण दिवसभर धापा टाकेल. दोन एचपी घ्या. पाव एचपीच्या मोटरपेक्षा विजेचं बिल चांगलंच जास्त येईल, आणि आवाजावरून शेजारी एकदा तरी बोलणार. पावसाळ्यात टाकीत पाणी जमतं, रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडा. सिलिंडरमधून बाहेर पडणारी हवा तेलकट असते, ती नळीने खोलीबाहेर न्या. पूजेच्या वडीला मशीनच्या तेलाचा वास आला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. सिलिंडर, फिटिंग वगैरे नवीन घ्या. पट्ट्या, अँगल, जाळी मात्र इतवारीत लोहा ओळीत वजनावर मिळेल. मीटर घरगुती असेल तर महावितरणकडे धंद्याच्या जोडणीचं आधी विचारा.

वेग वाढेल का? फार नाही. काकू जोरात असताना मिनिटाला १८ ठोके मारत असतील, तर हे २० मारेल. फरक एवढाच की संध्याकाळी पाच वाजताही २०. व्हिडिओतला माणूस भराभर पाडत होता, त्याची पुंगळी पितळेची होती. कापराच्या पुडीतली हवा निघायला दाबाखाली क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर वडी वरून टोपीसारखी सुटते. खाली पोचल्यावर अर्धा सेकंद थांबेल असं जुळवा.

आणि गणपतीच्या आठ दिवस आधी हे सुरू करू नका. आता उन्हाळा संपला की जोडा. पहिले पंधरा दिवस पूड न घालता, मग खडूची पूड घालून चालवा. त्या दिवसांत मुद्दाम भोकात एक वडी ठेवून बघा, मुद्दाम नळी काढून बघा, चालू असताना दार उघडून बघा. प्रत्येक वेळी थांबला तर कापूर भरा. जुनं हँडल कापून टाकू नका. सिलिंडरची पिन काढली की काकूंना पुन्हा हाताने चालवता आलं पाहिजे. वीज जाते तेव्हा तर लागेलच, आणि वडीत काही बिघडलं की कारण शोधायला दहा ठोके त्यांच्याच हाताने मारून घ्यावे लागतील.

काट्याचे आकडे आले की कळवा, सिलिंडर त्यावर पक्का करू. १४ किलो मी अंदाजाने धरलेत.